बाटलीत सगळं एकदम टाकू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी ‘मसाला व्होडका’ करण्याची कृती वाचली. संत्र्याची सालं, दालचिनी, लवंगा, मिरी, आलं आणि एक हिरवी मिरची हे सगळं बाटलीत एकदम भरायचं, बाटली खिडकीत उन्हाला ठेवायची आणि तीन आठवड्यांनी गाळून घ्यायची, एवढीच ती कृती. सोपी आहे यात शंका नाही. पण कोणी ती तशीच्या तशी केली तर चांगली बाटली मोरीत ओतायची पाळी येईल. शिवाय ‘घाई असेल तर मंद आचेवर कोमट करा’ असंही एक वाक्य त्यात आहे, आणि ते तर छापायलाच नको होतं. पत्र लांबलं आहे, पण या विषयात माप आणि वेळ सांगितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नसतो.

आधी ‘सगळं एकदम’ का फसतं ते पाहू. दारूत टाकलेला प्रत्येक जिन्नस आपापल्या वेगाने उतरतो. हिरव्या मिरचीतलं कॅप्सेसिन अल्कोहोलमध्ये चटकन विरघळतं; अर्ध्या तासात जीभ पोळेल इतका तिखटपणा येतो. लवंगेतलं युजेनॉल एका रात्रीत भरपूर उतरतं. दातांच्या दवाखान्यात येतो तो वास याचाच, आणि ते जास्त झालं की जीभ बधिर होते. दालचिनी ही झाडाची साल. तिचा गोडसर वास पहिल्याच दिवशी येतो, आणि मागून तुरट, लाकडी कडवटपणा येत राहतो. संत्र्याच्या सालीतल्या तेलाला मात्र चार-पाच दिवस लागतात, आल्याला दोन-तीन. म्हणजे संत्रं तयार होईपर्यंत मिरची आणि लवंगेने बाटलीचा केव्हाच ताबा घेतलेला असतो. तीन आठवड्यांनी हाती येतं ते तपकिरी, तिखट, तुरट पाणी, आणि त्यात संत्रं शोधूनही सापडत नाही.

याचं मूळ आपल्या सवयीत आहे. लोणचं जितकं मुरेल तितकं चांगलं, गुलकंद उन्हात ठेवला की होतो, हे आपल्या अंगात इतकं भिनलेलं असतं की तोच नियम आपण दारूलाही लावतो. अल्कोहोल आधी सुवासिक तेलं आणि रंग काढतो, मग टॅनिन (तोंड तुरट करणारं द्रव्य) आणि कडू द्रव्यं. कुठे थांबायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं. म्हणून बारमधली जाणती माणसं बरणीवर तारखेबरोबर वेळही लिहितात. आणि ऊन तर नकोच. उन्हाने कोकम, जांभूळ, गोकर्ण यांचे रंग उडतात, आणि लिंबू-संत्र्याच्या तेलाला जुनाट, वार्निशसारखा वास येतो. बरणी बंद कपाटातच ठेवावी. रोज एकदा हलवली की पुरे.

दारू कोणती घ्यावी? आपल्याकडच्या बाटलीबंद व्होडका, जिन, रम बहुतेक ४२.८ टक्के अल्कोहोलच्या असतात. ७५ अंश प्रूफ म्हणतात तीच ही ताकद. मुरवण्याला ती चांगली चालते. तेलं विरघळायला पुरेसा अल्कोहोल असतो, आणि आंबटपणा, रंग, साखर उतरायला पुरेसं पाणीही. गडबड होते ती परदेशी कृती जशीच्या तशी उचलल्यावर. इटलीतल्या लिमोन्चेल्लोच्या, म्हणजे लिंबाच्या गोड मद्याच्या, कृतीत लिंबाची सालं ९५ टक्क्यांच्या आसपासच्या, पिण्यायोग्य अल्कोहोलमध्ये मुरवतात. तो आपल्याकडे किरकोळ दुकानात मिळत नाही. तीच कृती व्होडकात केली आणि पाक तेवढाच ओतला, की पेय पाणचट होतं. हिशेब असा: ७५० मिलीच्या बाटलीत निव्वळ अल्कोहोल ३२१ मिली. त्यात ३०० ग्रॅम साखर आणि ३०० मिली पाणी यांचा पाक घातला तर एकूण साधारण १२३५ मिली होतं, कारण विरघळलेली साखरही जागा घेते (१०० ग्रॅमला सुमारे ६२ मिली). ताकद उतरते २६ टक्क्यांवर. ही बाटली फ्रीझरमध्ये ठेवली तर कडेला बर्फाचे कण धरतात. त्याऐवजी २०० ग्रॅम साखर आणि १५० मिली पाणी घेतलं तर ताकद ३१ टक्क्यांच्या आसपास राहते आणि पेय पातळही लागत नाही.

व्होडका मधल्या किमतीची घ्यावी. घशाला ओरखडणारी व्होडका मसाल्याने मऊ होत नाही, आणि महागड्या बाटलीतला जो काही बारकावा असतो तो लवंगेखाली दबून जातो. जिनमध्ये आधीच जुनिपर (एका झुडपाची सुगंधी फळं), धणे आणि लिंबूवर्गीय सालं असतात, त्यामुळे तिला गवती चहा, वाळा, काकडी, आलं शोभतं. दालचिनी, जायफळ, कॉफी यांची जागा काळ्या रममध्ये. आधीच स्वाद घातलेली बाटली मात्र घेऊच नये.

आता पद्धत. माझ्या मते प्रत्येक जिन्नस वेगळा मुरवून शेवटी मापाने मिसळणं हाच शहाणपणा. त्यासाठी अख्खा खंबा, म्हणजे ७५० मिलीची बाटली, फोडायची गरज नाही, दोन क्वार्टर (प्रत्येकी १८० मिली) लहान काचेच्या बरण्यांत वाटून घेतल्या तरी भागतं. पुढची मापं १०० मिली दारूला आहेत. लवंगा तीन, आठ ते दहा तास. दालचिनी बोटाच्या पेराएवढी, म्हणजे दोनेक ग्रॅम, एक दिवस. हिरव्या वेलच्या चार, सालीसकट ठेचून, दीड दिवस. मिरी अर्धा चमचा, जाडसर कुटून, एक दिवस. चक्रीफूल अर्धं, बारा तास. आलं बारा ग्रॅम, पातळ चकत्या, दोन ते तीन दिवस. गवती चहाच्या दोन पाती कात्रीने कापून, दिवसभर. त्यापुढे चहाचा वास जाऊन गवताचा येतो. वाळ्याच्या मुळ्या दोन ग्रॅम, आधी माती निघेपर्यंत धुऊन, एक दिवस. केशराच्या आठ-दहा काड्या, दोन-तीन तास. कॉफीच्या भाजलेल्या बिया दहा ग्रॅम, जाडसर फोडून, दहा-बारा तास; रात्री टाकावी आणि सकाळी गाळावी. लवंगी मिरची एक, उभी चिरून, वीस मिनिटं ते पाऊण तास, आणि दर दहा मिनिटांनी चाखायची. मिरची टाकून बाजारात जाऊ नये.

चहाचं सांगतो, कारण तिथे फार जण फसतात. आपल्या घरात असतो तो सीटीसी, बारीक दाण्याचा. दोन ग्रॅम टाकला तर पंधरा-वीस मिनिटांत रंग आणि टॅनिन दोन्ही उतरतात. तासभर ठेवलात तर तोंड आवळून येईल. दार्जिलिंगसारखी अख्खी पानं असतील तर दीड तासापर्यंत चालतं. चुकून तुरट झालंच तर दुधाने सुधारता येतं. एका भांड्यात ३० मिली दूध आणि चमचाभर लिंबाचा रस घ्यावा, त्यात १०० मिली चहाची दारू हळूहळू ओतावी, अर्धा तास स्थिर ठेवून कापडातून आणि मग कागदातून गाळावी. फाटलेल्या दुधातलं प्रथिन टॅनिनला धरून खाली बसतं आणि वर स्वच्छ, मऊ दारू मिळते. अर्थात मग दुधाची ॲलर्जी असलेल्याला ती देता येत नाही.

मसाले अख्खे किंवा जाडसर फोडलेले घ्यावेत. पूड कधीही नको. पूड गाळणीतून निसटते, तळाशी गाळ होऊन उतरतच राहते, आणि दालचिनीची पूड तर दारू बुळबुळीत करते. चव पाहताना निव्वळ दारू जिभेवर ठेवू नये, ४२.८ टक्क्यांत जीभ बधिर होते आणि कडूपणा कळत नाही. एक चमचा दारूत एक चमचा थंड पाणी मिसळून चाखावं. कॉकटेलमध्ये बर्फाचं पाणी मिसळणारच असतं, त्यामुळे खरी चव अशीच कळते.

संत्र्याच्या सालीकडे नीट लक्ष द्यायला हवं. सोलाणं परदेशी संत्र्यावर सरळ चालतं, नागपुरी संत्र्यावर नाही, कारण त्याची साल सैल असते आणि पात्याखाली दुमडते. नागपुरी संत्रं आधी हाताने सोलावं. सालीचा नारिंगी भाग खाली करून ती पाटावर सपाट दाबावी, सुरी जवळजवळ आडवी धरावी आणि पांढरा गर सरकवून काढून टाकावा. सालीची तेलाची टिपकी आरपार दिसू लागली की काम झालं. हा पांढरा गर राहिला की दारू कडू होते, आणि तो कडूपणा साखरेने झाकत नाही. ७५० मिलीला अशी स्वच्छ साल ४० ग्रॅम, म्हणजे पाच-सहा फळांची, चार ते पाच दिवस. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आसपास येतात, मृगाची उन्हाळ्याच्या तोंडावर; दोन्ही चालतात, फक्त साल ताजी आणि ताणलेली हवी. बाजारातल्या चकचकीत फळांवर बऱ्याचदा मेण चढवलेलं असतं. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून मऊ ब्रशने घासावं आणि पुसून कोरडं करावं. कागदी लिंबाची साल फार पातळ, ती किसणीच्या बारीक बाजूने हलकेच खरवडावी आणि दोन दिवसांत गाळावी. महाळुंग किंवा ईडलिंबू मिळालं तर सोडू नका. वास घमघमतो आणि साल जाड असल्याने सोलाणं नीट चालतं.

कोकमाचा प्रश्न मिठाचा आहे. कोकणात आमसुलं करताना सालींना मीठ घातलेल्या रसाची पुटं देऊन वाळवतात. ती आमटीला उत्तम, व्होडकात मात्र समुद्र उतरतो. दुकानदाराकडे बिनमिठाची सोलं मागावीत. सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडे मिळतात. ७५० मिली व्होडका किंवा जिनला ४० ग्रॅम, दीड ते दोन दिवस. रंग पहिल्या काही तासांतच माणकासारखा येतो, आंबटपणा मागून येतो, आणि तिसऱ्या दिवसापासून सालीचा तुरटपणा वर येऊ लागतो. रंग आला म्हणून लगेच गाळू नका आणि रंग सुंदर आहे म्हणून आठवडाभर ठेवूही नका. आगळ यात वापरू नये, त्यात मीठ भरपूर असतं. कोकमाच्या दारूचं कॉकटेल करताना लिंबाचा रस नेहमीच्या निम्म्याने घ्यावा: ४५ मिली दारू, १० मिली लिंबू, २० मिली समभाग (साखर आणि पाणी सारखंच घेतलेला) पाक, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि वरून सोडा.

ताज्या फळांत वेगळाच घोळ होतो, तो पाण्याचा. ५०० ग्रॅम अननसात सुमारे ४३० मिली पाणी असतं. ते फळ ७५० मिली व्होडकात चार-पाच दिवस राहिलं की अल्कोहोल फळात शिरतो आणि फळातलं पाणी बाहेर येतं. पूर्ण समतोल झाला तर ताकद ४२.८ वरून २७ टक्क्यांपर्यंत घसरते. दारू मवाळ लागते ती यामुळे, आणि गाळल्यावर उरलेल्या फोडी भलत्याच चढतात तेही यामुळेच. त्या फोडी पाहुण्यांसमोर ठेवायच्या तर सांगून ठेवाव्यात. अशी दारू फ्रीजमध्येच ठेवावी आणि महिना-दीड महिन्यात संपवावी. फोडी दारूच्या पातळीखाली बुडालेल्या हव्यात. वर तरंगणाऱ्या फोडीला बुरशी लागते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी दोन दिवसांत पांढरी पडते, म्हणजे तिने देण्यासारखं सगळं दिलं. तिथेच गाळावी, नाहीतर लगदा होतो. करवंदं आणि जांभळं चेचून तीन-चार दिवस, बी न फोडता. कैरीच्या कोय धरण्याआधीच्या फोडी चार दिवस. हापूसचा गर मात्र दारूत घालूच नये असं माझं ठाम मत आहे. त्यातल्या पेक्टिनमुळे (जॅम घट्ट करतं ते द्रव्य) दारू जेलीसारखी दाटते, गाळता गाळत नाही, आणि आंब्याचा वासही शिजवल्यासारखा होतो. आंबा हवा असेल तर कोऱ्या दारूबरोबर ताजा रस थेट शेकरमध्ये घ्यावा.

पुदिना, तुळस, कोथिंबीर, विड्याचं पान ही हिरवी मंडळी तासांची पाहुणी. चुरगळलेल्या पानातल्या एन्झाइममुळे ती काळवंडतात आणि दारू चिखलासारखी दिसू लागते. पानं अख्खी, कोरडी, थंड दारूत टाकून फ्रीजमध्ये सहा ते आठ तास, पुरे. विड्याचं पान १०० मिलीला एक, दोन-तीन तास. पानाच्या नावाने हल्ली बऱ्याच ठिकाणी जे कॉकटेल मिळतं त्याला गुलकंद आणि बडीशेपेचा आधार असतो, नुसत्या पानाला नाही.

गोव्याचा दाखला इथे आवश्यक आहे. मार्च ते मे, काजूच्या हंगामात मिळणारा उर्राक, म्हणजे काजूफळांच्या रसाची सौम्य दारू, तिथे पेल्यात लिंबाच्या गोड सोड्याबरोबर, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. मिरची त्या पेल्यात पाच-दहा मिनिटंच असते आणि तेवढ्यात तिचं काम होतं. याच्याइतकं सोपं इन्फ्युजन, म्हणजे दारूत स्वाद उतरवणं, दुसरं नाही. उर्राक बाटलीत फळ घालून मुरवायला मात्र घेऊ नये. त्याची ताकद पंधरा टक्क्यांच्या आसपासच असते आणि फळाचं पाणी त्यात मिसळलं की ते आंबू शकतं. फेणी ताकदीने व्होडकाच्या बरोबरीची, पण कोरी नाही. तिच्या स्वतःच्या वासापुढे वेलची, केशर फुकट जातात. तिला मिरची, लिंबाची साल, आलं, कोकम असे धीट जिन्नस द्यावेत. अनंतमुळाची, म्हणजे दुकशिरीची, फेणी गोव्यात जुनीच आहे. धुतलेल्या, वाळलेल्या मुळ्या १०० मिलीला दोन ग्रॅम, दोन दिवस ठेवल्या तर व्हॅनिलाच्या जवळचा सुंदर वास उतरतो.

तूप किंवा खोबरेल यांचा स्वाद देण्याची पद्धतही आता घरोघरी पोचली आहे. १८० मिली रमला पातळ केलेलं साजूक तूप २० ग्रॅम, बरणीत जोरात हलवून चार तास बाहेर, मग रात्रभर फ्रीझरमध्ये. वर जमलेल्या थराला भोक पाडून खालची रम ओतून घ्यावी आणि कागदातून गाळावी. रम उंची असायची गरज नाही, तूप मात्र खवट नको.

गाळणं हे कंटाळवाणं काम आहे आणि नेमक्या त्याच वेळी लोक घाई करतात. आधी चहाची गाळणी, मग दुहेरी मलमल, शेवटी कॉफीचा कागद, याच क्रमाने. थेट कागदावर ओतलं तर तो दोन मिनिटांत तुंबतो. कापड पिळू नये. पिळल्याने नेमके कडू आणि गढूळ अंशच खाली उतरतात. तेवढी पाच टक्के दारू गेली तर जाऊ द्यावी. गाळून झाल्यावर बाटली दोन दिवस फ्रीजमध्ये उभी ठेवली की बारीक गाळ तळाला बसतो आणि वरची दारू अलगद ओतून घेता येते.

बिघडलं तर का बिघडलं ते बहुतेक वेळा दिसूनच येतं. बडीशेप किंवा चक्रीफुलाच्या दारूत बर्फ टाकताच ती दुधाळ झाली तर घाबरू नये. त्यातलं अ‍ॅनेथॉल हे सुवासिक तेल पाणी वाढल्यावर विरघळलेलं राहत नाही, एवढंच. फळाची दारू आधीपासूनच ढगाळ असेल तर पेक्टिन. कडू लागली तर पांढरा गर, नाहीतर जास्त दिवस. काहीच वास नाही, तर मसाला जुना. डब्यात वर्षभर पडलेली वेलची दारूतही गप्पच राहते. स्वाद अति झाला तर साखर वाढवत बसू नये, तीच कोरी व्होडका घालून पातळ करावी. पृष्ठभागावर तंतू किंवा बुरशी दिसली, नको तो आंबूस फेस आला, तर गाळून वाचवायच्या भानगडीत न पडता फेकून द्यावी.

आपल्या पुरवणीतली मसाला व्होडकाच करायची असेल तर ती अशी जमेल: संत्र्याची मुरलेली व्होडका १०० मिली, आल्याची १५, दालचिनीची १०, मिऱ्याची ५, लवंगेची ३ ते ५ मिली आणि मिरचीची थेंबाथेंबाने. तीन दिवस एकत्र ठेवावी, म्हणजे कडा बोथट होतात. त्यातली ४५ मिली, २० मिली लिंबाचा रस, २० मिली समभाग पाक, भरपूर बर्फाबरोबर दहा-बारा सेकंद हलवून गाळून द्यावी.

आता ‘मंद आचेवर कोमट करा’ या वाक्याबद्दल. ४० टक्क्यांच्या अल्कोहोलची वाफ साधारण २६ अंश सेल्सिअसलाच ठिणगीने पेट घेऊ शकते. मुंबईच्या मे महिन्यात खोलीचं तापमानच त्याच्यावर असतं. पातेल्यात, दुहेरी भांड्यात, प्रेशर कुकरमध्ये, कशातही दारू तापवू नये. गाळताना आणि बाटल्या भरतानाही गॅस, निरांजन, उदबत्ती शेजारी नको, खिडकी उघडी हवी. पाक करायचा तो वेगळा करून पूर्ण गार झाल्यावरच मिसळावा.

दुसरी गोष्ट दारूच्या मूळ स्रोताची. परदेशी कृतीत ‘हाय प्रूफ अल्कोहोल’ वाचून कोणी सर्जिकल स्पिरिट, प्रयोगशाळेतला अल्कोहोल किंवा सॅनिटायझर वापरायचा विचार करील, ही भीती पोकळ नाही. २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर प्यायल्याने माणसं दगावली. अशा दारूतला घातक अल्कोहोल म्हणजे मिथेनॉल; तो गाळून, उकळून किंवा मसाला घालून निघत नाही, आणि त्याला ओळखू येईल असा वेगळा वासही नसतो. परवानाधारक दुकानातली सीलबंद बाटली, बस.

तिसरी गोष्ट, काय टाकू नये. तंबाखू कदापि नाही. निकोटिन अल्कोहोलमध्ये सहज उतरतं आणि थोडंसंही जिवावर बेततं. दिसायला सुंदर म्हणून कण्हेर, धोतरा यांची फुलं कोणी टाकू नयेत, ती विषारी आहेत. हाराच्या दुकानातले गुलाब फवारलेले असतात. गुलकंदाचे देशी गुलाब वेगळे मागून घ्यावेत. निळ्या रंगासाठी गोकर्ण घ्यावी: १०० मिलीला चार-पाच वाळलेली फुलं, अर्धा तास. लिंबू पिळलं की निळा रंग जांभळा होतो. जर्दाळूच्या बिया फोडून टाकू नयेत, त्यातून सायनाइड सुटतं. भांडं काचेचं. तांब्या-पितळेचं नको, आणि जुनी चिनीमातीची बरणी किंवा शिशाचं क्रिस्टलही नको, कारण आंबट दारू त्यातलं शिसं ओढून घेते. लोणच्याची काचेची बरणी वापरायची असेल तर झाकणाची रबरी चकती बदलावी. मोहरी-हिंगाचा वास तीत कायमचा बसलेला असतो आणि तो व्होडकात लगेच उतरतो.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात व्होडका, रम, जिन यांसाठी वयोमर्यादा २५ वर्षं आहे आणि बाळगायला-प्यायला परवाना लागतो. दुकानात एक दिवसाचाही मिळतो. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिथे हा विषयच नाही. घरी भट्टी लावून गाळणं हा गुन्हा आहे. मुरवलेली दारू सुंदर बाटल्यांत भरून ओळखीच्यांना दिवाळीत विकण्याची जी हौस समाजमाध्यमांवर दिसते, तीही परवान्याशिवाय बेकायदाच. हे चार ओळींत त्या लेखाखाली छापता आलं असतं.

आणि एक विनंती. पुढच्या अंकात दुरुस्ती छापणार असाल तर बाटलीवरच्या चिठ्ठीचं आवर्जून लिहा. फ्रीजमधली कोकमाची व्होडका आणि कोकमाचं सरबत दिसायला तंतोतंत सारखी असतात, आणि शाळेतून तहानलेलं आलेलं पोर वास घेऊन बाटली उघडत नाही. चिठ्ठीवर ‘दारू’ हा शब्द मोठ्या अक्षरात, मग जिन्नस, टाकल्याची आणि गाळल्याची तारीख-वेळ, मूळ दारू कोणती, आणि दूध, तूप किंवा सुका मेवा वापरला असेल तर तेही. बाटली सरबताच्या कप्प्यात नको, कुलपाच्या कपाटात हवी. फळाची दारू फ्रीजमध्ये ठेवावीच लागते. तिला सरबताच्या बाटलीपेक्षा वेगळ्या आकाराची बाटली घ्यावी आणि ती मुलांचा हात पोचणार नाही अशा वरच्या कप्प्यात ठेवावी.

आपला,
एक वाचक, पुणे